तुरटी आणि टीसीएल: पाणी निवळलं म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही

मे महिन्यात आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात पारा 45 च्या आसपास गेला की पोट्ट्यांना पाण्याशिवाय काही सुचत नाही. माझ्या बहिणीनं यंदा तिच्या लेकरांसाठी अंगणात ठेवायचा तो पोहायचा निळा पूल आणला. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यात ताडपत्रीसारख्या जाड कापडाचं गोल टाकं. रुंदी दहा फूट, दोन फूट पाणी भरलं की साधारण 4,400 लिटर. शेतीची लाइन रात्रीची होती आणि विहीर तळाला गेलेली. मोटरनं रात्रभर तळचा गाळ ओढला आणि सकाळी टाक्यात दूध घातलेल्या चहासारखं पाणी. ते ओतून पुन्हा भरावं, तर विहिरीत तेवढं पाणी नाही.

शेजारचे काकाजी म्हणाले, "तुरटी फिरवा न बाप्पा." बहिणीची जाऊ म्हणाली, "टीसीएल टाका, ग्रामपंचायतवाले विहिरीत टाकतेतच न." ऐकणाऱ्या सगळ्यांना दोन्ही सल्ले एकच वाटले. दोन्ही वस्तू पांढऱ्या, दोन्ही पाण्यात टाकायच्या, दोन्हींनी पाणी 'साफ' होतं. घोळ होतो तो या 'साफ' शब्दानं. निवळणं म्हणजे गाळ खाली बसून पाणी नितळ दिसणं. निर्जंतुक होणं म्हणजे त्यातले जंतू मरणं. पहिलं काम तुरटीचं, दुसरं टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं. एकीचं काम दुसरीला जमत नाही.

आधी तुरटी, कारण आमच्या काळ्या मातीत तिचं काम पाहण्यासारखं असतं. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण दोन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून कण एकमेकांना दूर ढकलतात आणि दिवसचे दिवस तरंगत राहतात. वाळूचं पाणी तासाभरात निवळतं, काळ्या रानातलं चार दिवस गढूळच राहतं, ते यामुळं. पुलासोबत मिळणाऱ्या छोट्या फिल्टरच्या कागदी घड्यांतूनही हे कण आरपार जातात. तुरटीतलं ॲल्युमिनियम धनभाराचं. ते हा भार मोडतं आणि पाण्यात चिकट पुंजके तयार करतं. त्या पुंजक्यांत माती अडकते, जड होते आणि खाली बसते.

गुंडात, म्हणजे पाण्याच्या भांड्यात, आपण खडा धरून फिरवतो. 4,400 लिटरमध्ये तसं फिरवून भागत नाही. गढूळपणा बघून हजार लिटरला 20 ते 40 ग्रॅम तुरटी लागते. आम्ही 130 ग्रॅम घेतली, खलबत्त्यात कुटली, बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवली आणि संध्याकाळी टाक्यात सगळीकडं फिरवून ओतली. पहिलं मिनिटभर काठीनं जोरात ढवळलं, मग दहा मिनिटं अगदी हळू. ही हळू ढवळण्याची पायरी लोक सोडतात आणि मग तुरटीला नावं ठेवतात. त्याच वेळी पुंजके एकमेकांना चिकटून मोठे होतात. जोरात ढवळत राहिलं तर ते मोडतात.

बॅटरीचा उजेड पाण्यात धरला तेव्हा ते दिसायला लागले: जिनिंगमध्ये हवेत उडणाऱ्या रुईसारखे, मातकट रंगाचे, सावकाश खाली उतरणारे. मग पंप बंद, पोरांना हात घालायची बंदी आणि रात्रभर पाणी स्थिर. सकाळी तळाचा निळा रंग दिसत होता आणि त्यावर बोटभर मऊ गाळाचा थर. तो पंपानं ओढला तर फिल्टर लगेच बुजतो आणि पाणी परत ढवळून निघतं. आम्ही नळीनं, तोंड तळाशी सावकाश सरकवत, तो थर बाहेर काढला. पाच-सहा बादल्या पाणी गेलं.

काकाजी म्हणाले, "आता तं आरसा झाला, उतरू द्या पोट्ट्यायले." इथंच मी थांबवलं. गावात जलसुरक्षकाचं, म्हणजे गावाचं पाणी तपासायचं, काम केल्यामुळं ओटीची, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाची, बाटली माझ्याकडं असते. काचेच्या नळीत ते आरशासारखं पाणी घेतलं, ओटीचे थेंब टाकले. पिवळा रंग अजिबात आला नाही. म्हणजे क्लोरीन शून्य. गाळासोबत काही जंतूही खाली बसतात, पण बाकीचे पाण्यातच राहतात. चार पोरं उतरली, त्यातलं एखादं पोट बिघडलेलं असलं आणि खेळता खेळता बाकीच्यांच्या तोंडात ते पाणी गेलं, तर जुलाब घरभर होतात. माझी भाची चार वर्षांची आहे. नितळ दिसतंय म्हणून तिला तशा पाण्यात मी सोडणार नाही.

टीसीएलचं काम हे. पाण्यात गेल्यावर तिच्यातला क्लोरीन जंतूंना मारतो. ताज्या पावडरीत तो 33 टक्क्यांच्या आसपास असतो. उघड्या पोत्यात, ओलीत किंवा आपल्याकडच्या पत्र्याच्या खोलीतल्या उष्णतेत तो उडून जातो आणि उरतो नुसता चुना. डबा उघडल्यावर नाकाला झोंबत नसेल तर ती पावडर टाकून काही उपयोग नाही. पोहण्याच्या पाण्यात लिटरला किमान 1 मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेला, क्लोरीन राहायला हवा. त्यासाठी ताजी टीसीएल हजार लिटरला 5 ते 10 ग्रॅम पुरते. कोरडी पावडर टाक्यात भुरभुरायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत लगदा करायचा, पाणी घालायचं, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी तेवढं ओतायचं. सगळी बादली ओतली तर त्या चुन्यानंच पाणी दुधाळ होतं आणि माणूस पुन्हा तुरटी शोधायला जातो. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

वेळ संध्याकाळचीच. भर उन्हात मोकळा क्लोरीन तासा-दोन तासांत निम्म्याखाली येतो, म्हणून दुपारी बाराला टाकलेली टीसीएल बरीचशी उन्हातच जाते. सकाळी ओटीनं तपासायचं. थेंब टाकल्याबरोबर पिवळा रंग आला तर ठीक. नळीतलं पाणी फेकून द्यायचं, परत टाक्यात नाही, कारण ओटीचं रसायन अंगाला चांगलं नाही.

आता क्रम. गढूळ पाण्यात आधी टीसीएल टाकली तर गाळासोबत आलेला कुजका पालापाचोळाच निम्मा क्लोरीन खातो आणि जंतू मातीच्या कणांआड सुरक्षित राहतात. म्हणून आधी तुरटी, गाळ काढायचा, मग टीसीएल. पण पाणी हिरवं झालं असेल तर हाच क्रम उलटतो. हिरवं म्हणजे शेवाळ. भिंतीला बोट लावलं की बुळबुळीत लागतं. ते जिवंत आहे, तुरटीनं बसवलं तरी दोन दिवसांत परत वाढतं. तिथं आधी भिंती घासायच्या, मग टीसीएलचा मोठा डोस, हजार लिटरला 30 ग्रॅमपर्यंत, आणि त्या दिवसांत कुणीही पाण्यात नाही. मेलेलं शेवाळ राखाडी ढगासारखं तरंगतं, ते बसवायला नंतर तुरटी.

काय झालंय ते कळत नसेल तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उजेडाकडं धरा. मातकट असेल तर गाळ, हिरवट असेल तर शेवाळ, टीसीएल टाकल्यावर पांढरट झालं असेल तर चुना. खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, किंवा बोअरच्या जड पाण्यात, हा पांढरटपणा जास्त येतो.

एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते. तुरटी आणि टीसीएल एका बादलीत कधीही कालवू नका, एकीची ओली बादली दुसरीला वापरू नका. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं, टीसीएलशी गाठ पडली की क्लोरीन वायू सुटतो आणि तो सरळ फुप्फुसात जातो. टीसीएल कालवताना नाकाला ओला रुमाल बांधून वाऱ्याकडं पाठ करून उभं राहायचं, आणि पोरांना घरात पाठवायचं.

आणि तळ दिसत नसेल तोवर पोरांना पाण्यात सोडायचं नाही, मग क्लोरीन कितीही बरोबर असो. दोन फूट गढूळ पाण्यात घसरलेलं लहान लेकरू वरून दिसत नाही. बहिणीनं तळाशी एक लाल प्लास्टिकची ताटली ठेवली आहे. ती काठावरून स्पष्ट दिसली की मगच शिडी लागते, आणि पोरं पाण्यात असेपर्यंत मोठं माणूस खुर्ची टाकून तिथंच बसतं.