भूतानचे अडीचशे डॉलर नेमके कशाचे होते?

भूतानने परदेशी पर्यटकांना दार उघडले ते १९७४मध्ये, चौथ्या राजांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी. समारंभासाठी बांधलेली अतिथिगृहे पुढे पर्यटकांच्या कामी आली. पहिल्या वर्षी तीनशेही पाहुणे आले नाहीत. १९८३मध्ये पारोच्या अरुंद खोऱ्यात विमान उतरू लागले आणि १९९१मध्ये हा व्यवसाय खासगी कंपन्यांकडे गेला.

सुरुवातीचे सूत्र होते 'मोल जास्त, संख्या कमी'. पुढे 'संख्या कमी'च्या जागी 'आघात कमी', म्हणजे निसर्गावर आणि संस्कृतीवर कमी परिणाम, असे आले. गर्दी वाढली तरी धोरण मोडल्यासारखे वाटू नये, अशी ही सोय.

खरा घोळ झाला तो डॉलरच्या आकड्याचा. परदेशी पर्यटकाला हंगामात माणशी दिवसाला २५० डॉलर पडत, बिगरहंगामात २०० डॉलर. जगभर हा भूतानचा 'कर' म्हणून गाजला. तो कर नव्हताच. ते किमान पॅकेज होते: हॉटेल, जेवण, गाडी, गाइड सगळे त्यातच, आणि त्यातले ६५ डॉलर 'शाश्वत विकास शुल्क' म्हणून सरकारच्या तिजोरीत जात. कोविडनंतर २३ सप्टेंबर २०२२ रोजी देश पुन्हा खुला झाला तेव्हा किमान पॅकेज रद्द झाले आणि हे शुल्क ६५वरून २०० डॉलर झाले. म्हणजे आकडा कमी दिसत होता, पण राहणे-खाणे आता वेगळे. ऐन मंदीत असा निर्णय घेणे धाडसाचे होते, आणि माझ्या मते घाईचेही. वर्षभरातच, सप्टेंबर २०२३पासून, शुल्क निम्म्यावर, १०० डॉलरवर आणावे लागले. ही सवलत ऑगस्ट २०२७पर्यंत आहे.

डॉलरच्या चर्चेत एक गोष्ट मागे पडते. २०१९मध्ये आलेल्या तीन लाखांहून अधिक पर्यटकांपैकी बहुतेक भारतीय होते आणि भारत, बांगलादेश व मालदीवच्या नागरिकांना हे शुल्क नव्हतेच. सीमेवरच्या फुंटशोलिंग गावच्या कमानीतून गाडी आत घातली की झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोचुला खिंडीत एक भारतीय बाइकस्वार शिडी लावून स्तूपावर चढला. तो फोटो पसरला आणि भूतानमध्ये संतापाची लाट उठली. शेजाऱ्यांवरील शुल्काचा विचार त्याआधीच सुरू होता, पण या फोटोनंतर त्याला विरोध करणे अवघड झाले. २०२०मध्ये माणशी दिवसाला १,२०० रुपये ठरले. सीमा मात्र मार्चमध्येच बंद झाल्या होत्या, त्यामुळे बहुतेक भारतीयांनी ते पहिल्यांदा मोजले २०२२मध्ये.