भूलशास्त्रातलं सिम्युलेशन ट्रेनिंग

भूलशास्त्राच्या रेसिडेंट डॉक्टरांना मॅनिकिनवर, म्हणजे माणसाएवढ्या पुतळ्यावर, भूल द्यायची आणि बिघडलेली केस सावरायची प्रॅक्टिस देतात ते हे ट्रेनिंग.

याची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण १९६० च्या नॉर्वेतल्या रिससी अ‍ॅनपासून मोजतात, पण ती तोंडाने श्वास द्यायचा सराव करायची बाहुली, तिला औषध दिलं काय न दिलं काय सारखंच, त्यामुळे सिम वन या पुतळ्याला पहिला मान देणं जास्त पटतं. अमेरिकेत युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात स्टीफन अब्राहमसन आणि भूलतज्ज्ञ जडसन डेन्सन यांनी तो साधारण १९६६-६७ च्या सुमारास उभा केला. कॉम्प्युटरवर चालायचा, छाती हलायची, पापण्या मिटायच्या, नाडी हाताला लागायची आणि शिरेतून दिलेली चार औषधं नि दोन वायू यांना शरीरासारखाच प्रतिसाद मिळायचा. १९६९ मध्ये छापलेल्या अभ्यासात यावर शिकलेले रेसिडेंट श्वासनळीत ट्यूब घालण्यात लवकर तयार झाले असं दिसलं, अर्थात त्यात जेमतेम दहाच रेसिडेंट होते. पुतळा मात्र एकच बनला.

मग ऐंशीच्या दशकात विषय परत वर आला. स्टॅनफर्डला डेव्हिड गाबांच्या गटाचा भर ऑपरेशन थिएटरमधल्या निर्णयांवर आणि फ्लोरिडात गेन्सव्हिलला मायकेल गुड, ग्रॅव्हनस्टाइन यांचा आधी भूल मशीनमधले बिघाड ओळखण्यावर. १९९० मध्ये गाबांनी वैमानिकांच्या क्रू ट्रेनिंगवरून संकट हाताळायचा कोर्स सुरू केला, आणि माझ्या मते आजचं ट्रेनिंग खरं तिथूनच येतं.

कारण मॅलिग्नंट हायपरथर्मियासारखी (भुलीच्या काही औषधांनी होणारी दुर्मिळ, जीवघेणी रिअ‍ॅक्शन) केस रेसिडेन्सीभर कदाचित दिसणारच नाही, आणि दिसली तर पुस्तक उघडून बघायला वेळ नसतो. कार्बन डायऑक्साइड चढत जातो, स्नायू ताठतात, ताप बऱ्याचदा मागून येतो. त्यावरचं औषध डॅन्ट्रोलीन वजनाच्या किलोमागे अडीच मिलिग्रॅम लागतं, जुन्या वीस मिलिग्रॅमच्या व्हायलने (औषधाच्या छोट्या बाटलीने) साठ किलोच्या पेशंटला पहिल्याच डोसला आठ व्हायल, आणि प्रत्येकीत ६० मिलि स्टराइल पाणी घालून हलवत बसायचं! हे एकट्याचं काम नाही, मोठ्याने मदत मागायची, कोण काय करतंय ते नाव घेऊन सांगायचं, हे पुतळ्यासमोर शिकता येतं. शेवटी डीब्रीफिंग, म्हणजे काय घडलं यावर एकत्र चर्चा, बऱ्याचदा व्हिडिओ बघत, आणि बरंचसं शिक्षण तिथेच होतं.