सूर्य एकदम का फुटत नाही?

डिसेंबरातली गोष्ट. जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर आमचं आकाशदर्शन होतं. मृग चांगला वर आला होता, त्याच्या डोक्यावर रोहिणी, खाली व्याध. दुर्बिणीपुढे पोरांची रांग लागली होती. आठवीतली एक मुलगी रांग सोडून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, सूर्यात हायड्रोजन बॉम्ब फुटत असतात असं व्हिडिओत सांगतात. मग सगळा हायड्रोजन एकदमच का पेटत नाही? फटाक्यांच्या ढिगात एक ठिणगी पडली तर सगळा ढीग जातो की."

मी तिला सांगितलं, की गुरुत्वाकर्षण सूर्याला बांधून ठेवतं. तिने मान डोलावली. पण तिने विचारलं होतं ते वेगळंच. सूर्य विखरत का नाही, हा तिचा प्रश्न नव्हता. आग पसरत का नाही, हा होता. याचं उत्तर मला ताऱ्यांच्या विज्ञानातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, म्हणून ते नीट लिहितो.

दुसऱ्या दिवशी पहाटे एसटी पकडायला निघालो तेव्हा वाटेत एका शेताच्या बांधाला शेणखताचा खड्डा होता. कडाक्याची थंडी, आणि खड्ड्यातून वाफा निघत होत्या. हात वर धरला तर ऊब लागत होती. आता सूर्याच्या अगदी केंद्राशी जाऊ. तिथलं तापमान दीड कोटी अंश सेल्सिअस. तिथल्या एक घनमीटर द्रव्याचं वजन सुमारे दीडशे टन. आणि या दीडशे टनांतून दर सेकंदाला निर्माण होणारी ऊर्जा? साधारण पावणेतीनशे वॅट. म्हणजे घरातले तीन-चार पंखे चालतील एवढी. चांगल्या तापलेल्या खताच्या खड्ड्यातला एक घनमीटरसुद्धा याच तोडीची उष्णता देतो. किलोमागे हिशेब केला तर आपलं शरीर सूर्याच्या काही हजार पट ऊर्जा तयार करतं.

सूर्य इतका प्रखर दिसतो तो त्याच्या आकारामुळे. पृथ्वीच्या १०९ पट व्यास, आणि आत तयार झालेल्या उष्णतेला बाहेर पडायला लागणारी हजारो-लाखो वर्षं. मंद आच, पण खड्डा प्रचंड. बॉम्बची उपमा इथेच चुकते.

ही आच इतकी मंद का? हायड्रोजनचा अणुगर्भ म्हणजे एक प्रोटॉन. दोन प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, कारण दोघांवर धन विद्युतभार असतो. ते चिकटायला हवे असतील तर खूप जवळ यायला हवेत, आणि तेवढं जवळ यायला जी ऊर्जा लागते ती सूर्याच्या केंद्रातल्या प्रोटॉनांच्या सरासरी ऊर्जेच्या सुमारे हजारपट आहे. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी १९२० साली ताऱ्यांची ऊर्जा हायड्रोजनचं हेलियम होण्यातून येत असावी असं मांडलं, तेव्हा विरोधकांचा आक्षेप हाच होता: तारे तेवढे तापलेलेच नाहीत. वाट १९२८ मध्ये सापडली. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमॉव्ह यांनी दाखवलं, की पुंज यांत्रिकीच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या जगाच्या, नियमांनुसार कणाकडे डोंगर ओलांडण्याइतकी ऊर्जा नसली तरी तो क्वचित डोंगरातून आरपार निघू शकतो, जणू बोगदा असावा तसा. पुढच्याच वर्षी ॲटकिन्सन आणि हाउटरमान्स यांनी ही कल्पना ताऱ्यांना लावली.

पण बोगदा पार केला म्हणजे काम झालं असं नाही. नुसत्या दोन प्रोटॉनांचा अणुगर्भ निसर्गात टिकत नाही. दोघं भेटतात आणि लगेच सुटतात. टिकायचं असेल तर त्या भेटीच्या निमिषार्धात दोघांपैकी एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन, म्हणजे विद्युतभार नसलेला कण, व्हायला हवा. हे काम करतं ते क्षीण बल, निसर्गातल्या मूलभूत बलांपैकी एक, आणि त्याच्या नावातच त्याचा स्वभाव आला. अशी घटना इतकी दुर्मीळ आहे, की कुठल्याही प्रयोगशाळेत दोन प्रोटॉनांचं हे मीलन घडण्याचा दर आजवर थेट मोजता आलेला नाही. तो गणितानेच काढावा लागतो. सूर्याच्या पोटातल्या एखाद्या प्रोटॉनला ही भेट फळाला येण्यासाठी सरासरी हजार कोटी वर्षांच्या आसपास वाट पाहावी लागते. एकदा प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जुळून ड्यूटेरियम झालं, की पुढची पायरी काही सेकंदांत उरकते.

टोलनाक्याचं चित्र डोळ्यांपुढे आणा. पुढे आठपदरी रस्ता मोकळा पडलाय, पण नाक्यावर एकच खिडकी उघडी आहे आणि तिथला माणूस एकेक गाडी जपून सोडतोय. सूर्याचं आयुष्य हजार कोटी वर्षांचं आहे ते या एका खिडकीमुळे.

आणि हायड्रोजन बॉम्ब? त्यात साधा हायड्रोजन नसतोच. त्यात ड्यूटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे जड भाऊ असतात. त्यांच्यात न्यूट्रॉन आधीच तयार असतो, म्हणजे गाड्या नाक्याच्या पलीकडे उभ्या. सूर्य नुसत्या ड्यूटेरियमचा असता, तर त्या मुलीची शंका खरी ठरायला वेळ लागला नसता.

तरीही फटाक्यांच्या ढिगाचा प्रश्न उरतो. मंद आचसुद्धा भडकू शकते. समजा सूर्याच्या केंद्रात काही कारणाने तापमान दहा टक्क्यांनी वाढलं. हायड्रोजनच्या संमीलनाचा, म्हणजे त्याचे अणुगर्भ जुळण्याचा, वेग तापमानाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे तो दीडपट होईल. त्यातून आणखी उष्णता, आणखी वेग... मग हे चक्र थांबतं कुठे?

इथे ताऱ्याचा विलक्षण स्वभाव कामी येतो. कपातला चहा उष्णता गमावतो आणि गार होतो. तारा उष्णता गमावतो आणि तापतो. वाचून चमत्कारिक वाटेल, पण याचंच एक उदाहरण आपल्या डोक्यावरून फिरत असतं. कमी उंचीवरच्या उपग्रहाला विरळ हवेचा विरोध होतो, त्याची ऊर्जा कमी होते, तो खालच्या कक्षेत उतरतो, आणि तिथे त्याचा वेग आधीपेक्षा वाढलेला असतो. खाली येताना गुरुत्वाकर्षणातून जेवढी ऊर्जा सुटली, तिच्यातली निम्मी हवेशी घासण्यात गेली आणि निम्मी वेगात जमा झाली. ताऱ्यातला प्रत्येक कण असाच स्वतःच्या ताऱ्याच्या गुरुत्वात बांधलेला आहे. ऊर्जा बाहेर गेली की तारा आकसतो, कण वेगाने धावू लागतात, आणि कणांचा वेग म्हणजेच तापमान.

आता हे उलटं करून पाहा. केंद्रात जादा ऊर्जा तयार झाली, तर केंद्र फुगतं आणि फुगताना गार होतं. गार झालं की संमीलन मंदावतं. आच फारच उतरली, तर वरचं वजन केंद्राला दाबतं, ते तापतं आणि आच पूर्ववत होते. प्रेशर कुकरची भिंत पोलादी असते, म्हणून त्याला शिट्टी लागते. ताऱ्याची भिंत म्हणजे त्याचंच वजन, आणि ते हवं तेव्हा वर उचललं जातं. कुणी बाहेरून आच सांभाळायची गरज नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. संमीलनात निघणारे न्यूट्रिनो कण सूर्याच्या आरपार निसटून आठ मिनिटांत इथे पोहोचतात. तुमच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला काही हजार कोटी जातात. प्रकाश मात्र केंद्रातून पृष्ठभागापर्यंत येतानाच हजारो वर्षं अडखळत असतो. इटलीत डोंगराच्या पोटात बसवलेल्या बोरेक्सिनो उपकरणाने २०१४ मध्ये त्या पहिल्या, अवघड पायरीतून निघालेले न्यूट्रिनो थेट टिपले. न्यूट्रिनोंनी सांगितलेली सूर्याची आजची कमाई आणि उन्हाने सांगितलेली हजारो वर्षांपूर्वीची कमाई जुळली.

आकाशदर्शनाच्या त्याच रात्री, गर्दी पांगल्यावर, एक बाई हळू आवाजात विचारायला आल्या. मुलीचं नक्षत्र मूळ आहे, स्थळं परत जातात, त्या ताऱ्यांत खरंच काही वाईट असतं का? मूळ म्हणजे वृश्चिकाच्या नांगीकडचे तारे. त्यांतला ठळक तारा शेकडो प्रकाशवर्षं दूर आहे. सूर्यापेक्षा कितीतरी वजनदार, निळसर, आणि आत वर सांगितलेलीच प्रक्रिया थोड्या वेगळ्या वाटेने चाललेली. मुलीच्या जन्मादिवशी चंद्र आकाशात त्या दिशेला होता, एवढाच 'मूळ'चा अर्थ. चंद्र दर सत्तावीस दिवसांनी तिथून जातो. देशाच्या १४० कोटी लोकांत पाच कोटींहून अधिक जण या नक्षत्रावर जन्मलेले असणार. मूळ नक्षत्राच्या मुलीमुळे सासऱ्याला धोका असतो असं मानतात. त्यांतल्या कोट्यवधी बायकांचे सासरे खरंच धोक्यात असते तर ते लपून राहिलं असतं का? त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या ताऱ्यांकडे पाहून आनंद व्हावा त्यांच्या नावाने मुलींना नाकारलं जातं, याची मला मनापासून चीड येते.

पुन्हा सूर्याकडे. चार प्रोटॉनांचा एक हेलियम होतो, म्हणजे केंद्रातल्या कणांची संख्या हळूहळू घटते. कण कमी झाले की दाब कमी पडतो, केंद्र किंचित आकसतं, तापतं आणि आच वाढते. म्हणून सूर्य जन्मला तेव्हापेक्षा आज सुमारे तीस टक्के अधिक तेजस्वी आहे. सुमारे पाचशे कोटी वर्षांनी केंद्रातला हायड्रोजन संपेल, केंद्र दबत जाईल, त्याच्याभोवतीच्या थरात हायड्रोजन जोरात संमीलित होऊ लागेल आणि बाहेरचा भाग फुगून सूर्य तांबडा राक्षसी तारा होईल. रोहिणी हा तारा आज त्याच वाटेवर आहे. तिचा नारिंगी रंग साध्या डोळ्यांनीही कळतो.

अशा ताऱ्याच्या पोटात उरलेला हेलियमचा गोळा इतका दाबला जातो, की इलेक्ट्रॉन हाउसफुल्ल नाट्यगृहातल्या प्रेक्षकांसारखे होतात. एका खुर्चीवर दोघं बसू शकत नाहीत, पुढच्या सगळ्या रांगा भरलेल्या, हलायला जागा असलीच तर अगदी शेवटच्या रांगेला. भौतिकशास्त्रात याला अपकृष्ट अवस्था म्हणतात. इथे दाब खुर्च्यांच्या दाटीतून येतो, तापमानातून नाही. म्हणजे तापमान वाढलं तरी गोळा फुगत नाही. आच सांभाळणारी सगळी व्यवस्था बंद पडलेली असते.

आणि नेमकं तेव्हाच, दहा कोटी अंशांवर, हेलियमचं कार्बन होऊ लागतं. ही प्रक्रिया तापमानाच्या साधारण चाळिसाव्या घाताने वाढते. दहा टक्के तापमान वाढलं तर वेग चाळीस-पंचेचाळीस पट. तीन हेलियम जुळून कार्बन व्हायला कार्बनच्या अणुगर्भात एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, हे भाकीत १९५३ मध्ये फ्रेड हॉइल यांनी केलं, आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू, आणि प्रयोगात ती पातळी सापडली. तर असा हा हेलियम भडकतो आणि काही क्षणांपुरती त्याची ऊर्जानिर्मिती एखाद्या अख्ख्या दीर्घिकेच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाच्या, तोडीची होते. पण बाहेरून काहीच दिसत नाही. सगळी ऊर्जा तो दाटलेला गोळा सैल करण्यात खर्च होते. खुर्च्या मोकळ्या झाल्या की गोळा पुन्हा फुगू शकतो, गार होऊ शकतो, आणि आच पुन्हा ताळ्यावर येते.

फार वजनदार ताऱ्यांचं मरण वेगळं. त्यांच्या पोटात लोखंड साठतं, लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, आणि गाभा कोसळतो. मृगातला तांबूस काक्षी त्याच मार्गावर आहे. २०१९-२० मध्ये तो मंदावला तेव्हा 'आता फुटणार' अशा बातम्या फिरल्या. तो मंदावला होता त्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीमुळे. फुटेल नक्की, पण 'आता' म्हणजे पुढच्या काही हजार ते लाखभर वर्षांत कधीतरी.

मग बॉम्बसारखा कुठला तारा फुटतच नाही का? फुटतो, आणि तो असतो आच विझलेला तारा. सूर्यासारखा तारा शेवटी बाहेरची आवरणं उधळून टाकतो आणि मागे श्वेत बटू राहतो, पृथ्वीएवढा, कार्बन आणि ऑक्सिजनचा, पूर्णपणे अपकृष्ट. व्याधाचा जोडीदार तसाच आहे. तो १८६२ मध्ये दुर्बिणीतून प्रथम दिसला. १९३० साली मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांनी वाटेत गणित मांडलं, की अशा ताऱ्याच्या वजनाला मर्यादा आहे. पुढे ती सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरली. शेजारच्या ताऱ्याकडून वायू ओढत श्वेत बटू या मर्यादेजवळ पोहोचला, तर कार्बन पेटतो. इथे गोळा फुगत नाही, गार होत नाही, आग आवरणारं काही उरलेलं नसतं. काही सेकंदांत सगळा तारा जातो, फटाक्यांच्या ढिगासारखा. त्यातून तयार झालेलं निकेल काही महिन्यांत कोबाल्टमार्गे लोखंड बनतं. आपल्या विळ्याच्या पात्यातलं बरंचसं लोखंड अशाच स्फोटांतून आलेलं आहे.

सूर्याला जोडीदार नाही. त्याचा श्वेत बटू आजच्या सूर्याच्या निम्म्या वजनाचा असेल, १.४ पासून खूप दूर, आणि तो नुसता गार होत जाईल. तेव्हा त्या मुलीला सांगायचं ते असं: आज तो फुटत नाही, कारण त्याची आच मंद आहे आणि तिला स्वतःला आवरता येतं. श्वेत बटू झाल्यावर ती तशी आवरता येणार नाही, पण तेव्हा पेटायला लागणारं वजनच त्याच्याकडे उरलेलं नसेल.