‘टिप’ हे संक्षिप्त रूप नाही

वेटरला आपण देतो ती ‘टिप’ म्हणजे ‘टु इन्शुअर प्रॉम्प्टनेस’ या शब्दांची आद्याक्षरं, म्हणजेच सेवा झटपट मिळावी म्हणून दिलेले पैसे, असा एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. अर्थ इतका चपखल बसतो की पटकन खरं वाटतं.

पण तारखा जुळत नाहीत. ‘टिप’ हे क्रियापद ‘हळूच देणं, हातात सरकवणं’ या अर्थाने 17व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या चोर-भामट्यांच्या सांकेतिक बोलीत होतं. 18व्या शतकात त्यालाच ‘बक्षिसी’ हा अर्थ चिकटला. याउलट, आद्याक्षरं जोडून सलग उच्चारायचा शब्द घडवण्याची पद्धत रुळली ती 20व्या शतकात. ‘रडार’ खरोखर तसा बनला आहे, पण तो 1940च्या सुमाराचा.

काही जण स्पेलिंगवर बोट ठेवतात: ‘खात्री करणे’साठी ‘एन्शुअर’ हवं, मग शब्द ‘टेप’ झाला असता! गंमत म्हणून ठीक, पण हा मुद्दा कच्चा आहे. ही दोन स्पेलिंगं पूर्वी एकमेकांच्या जागी सर्रास चालत.

स्वतः तपासायचं तर व्युत्पत्ती देणारा चांगला इंग्रजी कोश उघडा आणि शब्दाचा सर्वात जुना लेखी वापर कधीचा आहे ते पाहा. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरं, हा मेसेजही त्याच चाळणीत टाका. तिथे ‘न्यू’, म्हणजे नवं, याचंच अनेकवचन सापडेल.