झेंड्यामागची झाडं : गोल्फचा पहिला लेझर रेंजफाइंडर घेताना

गोल्फसाठी लेझर रेंजफाइंडर, म्हणजे लेझरने अंतर मोजणारं यंत्र, घ्यायला निघालेला माणूस खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा आधी वाचतो. १००० यार्ड, १३०० यार्ड. मग साहजिकच वाटतं, की १३०० यार्ड मोजणाऱ्या यंत्राला १५० यार्डांवरचा, चेंडू घालायच्या भोकाची खूण असलेला झेंडा म्हणजे किरकोळ काम. नवख्यांचे पैसे सर्वात जास्त याच गैरसमजापायी वाया जातात. तो आकडा मोठ्या आणि प्रकाश चांगला परतवणाऱ्या पृष्ठभागासाठी दिलेला असतो. झेंड्याची काठी दोन सेंटिमीटर जाडीची. तिच्या बाबतीत गणितच वेगळं लागू होतं आणि यंत्राची खरी परीक्षा तिथे होते.

यंत्राचं मूळ काम सोपं आहे. बटण दाबलं की ते अवरक्त प्रकाशाचा, बहुधा ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, एक अतिशय छोटा स्पंद सोडतं, तो आदळून परत येईपर्यंतचा वेळ मोजतं, त्याला प्रकाशाच्या वेगाने गुणतं आणि निम्मं करतं. १५० यार्ड म्हणजे १३७ मीटर. जाऊन येऊन २७४ मीटर, म्हणजे सुमारे ९१५ नॅनोसेकंद. एका यार्डाच्या फरकाला जेमतेम ६ नॅनोसेकंद मिळतात. इतकी बारीक घड्याळं आज स्वस्त चिपमध्ये बसतात, त्यामुळे वेळ मोजणं ही महाग आणि स्वस्त यंत्रांमधली मुख्य तफावत उरलेली नाही. तफावत आहे ती कोणाचा प्रतिध्वनी, म्हणजे आदळून परत आलेला प्रकाश, खरा मानायचा, या निर्णयात.

लेझर म्हणजे सरळ दोरा, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात हा झोत पुढे जाताना पसरतो. पसरण्याचा कोन २ मिलिरेडियन (दर १००० मीटरला २ मीटर) धरला, तर १५० यार्डांवर त्याचा ठिपका २७ सेंटिमीटर रुंद होतो. त्यातला सुमारे ७ टक्के भाग काठीवर पडतो. उरलेला सगळा प्रकाश काठीच्या दोन्ही बाजूंनी निसटून मागे जातो, आणि मागे झाडं असतात.

आता झाडांचा स्वभाव पाहा. पानातलं हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषतं, पण अवरक्त प्रकाशाशी त्याला देणंघेणं नसतं. पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांमधल्या हवेच्या पोकळ्या तो प्रकाश विखरून बाहेर टाकतात. म्हणून ९०५ नॅनोमीटरला हिरवं पान पडलेल्या प्रकाशाचा जवळजवळ निम्मा भाग परतवतं. आपल्या डोळ्यांना गर्द, काळपट दिसणारी झाडांची भिंत रेंजफाइंडरला पांढऱ्या भिंतीसारखी उजळ दिसते. सडपातळ काठीचा क्षीण प्रतिध्वनी आणि तिच्या मागून झाडांचा दणदणीत प्रतिध्वनी, असे दोन्ही एकाच स्पंदातून परत येतात.

अंतर वाढलं की हा सामना आणखी एकतर्फी होतो. भिंत किंवा झाडांची रांग झोताचा अख्खा ठिपका अडवते. तिच्याकडून परतलेला प्रकाश यंत्राच्या भिंगापर्यंत येताना पसरतो, म्हणून अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी एक-चतुर्थांश होतो, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. काठीचं तसं नाही. ती उंचीने ठिपक्याला पुरते, पण रुंदीने पुरत नाही. अंतर दुप्पट झालं की ठिपकाही दुप्पट रुंद होतो आणि काठीच्या वाट्याचा प्रकाश आणखी निम्मा होतो. म्हणजे तिचा प्रतिध्वनी एक-अष्टमांश, अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. एखादी वस्तू उंची आणि रुंदी दोन्हींत ठिपक्यापेक्षा लहान असली, तर घट थेट चौथ्या घाताने होते. भिंतीवर १००० यार्ड चालणारं यंत्र २०० यार्डांवरच्या काठीला का चाचपडतं, याचं कारण या घातांकांमध्ये आहे. झेंड्याचं कापड फडकून आडवं पसरलं असेल तर मदत होते. वारा थेट आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर वाहत असला, की कापडाची फक्त कड समोर येते आणि ती मदतही जाते.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. झाडं झेंड्यामागे ३० मीटरवर असतील, तर त्यांचा प्रतिध्वनी २०० नॅनोसेकंद उशिरा येतो. दोन्ही प्रतिध्वनी वेळेने स्पष्ट वेगळे असतात. चांगलं यंत्र एका स्पंदावर विसंबत नाही. ते एकामागून एक अनेक स्पंद सोडून त्यांची बेरीज करतं. गोंगाट यादृच्छिक असल्याने बेरजेत विरतो, काठीचा क्षीण प्रतिध्वनी दर वेळी त्याच जागी येत असल्याने वर उठतो. मग यंत्र सर्वात बळकट प्रतिध्वनी सोडून सर्वात जवळचा विश्वासार्ह प्रतिध्वनी निवडतं आणि बहुतेक वेळा थरथरून तसं कळवतं. यालाच पिन-सीकर (पिन म्हणजे झेंड्याची काठी) किंवा पहिल्या लक्ष्याला प्राधान्य म्हणतात. शिकारीसाठी बनवलेली यंत्रं बहुधा नेमकं उलट करतात. समोरच्या झुडपांपलीकडचा प्राणी मोजायचा असल्याने ती दूरच्या प्रतिध्वनीला मान देतात. तेव्हा स्वस्तात मिळालं म्हणून शिकारीचं यंत्र गोल्फला घेऊ नका.

यावरून निवडीचा पहिला प्रश्न ठरतो : तुमच्या मैदानावर झेंड्यामागे काय असतं? स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या उघड्या मैदानांवर मागे बऱ्याचदा नुसतं आकाश असतं, तिथे साधं यंत्रही भागवून नेईल. चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सी किंवा येरवड्याचं पूना क्लबचं मैदान, इथे झाडांशी गाठ आहे. अशा ठिकाणी पिन-सीकरवर पैसे वाचवू नयेत.

दुकानात खोलीतली भिंत मोजून काही कळत नाही. बाहेर या, १०० मीटरच्या पुढचा एखादा बारीक खांब शोधा, ज्याच्या मागे २०-३० मीटरवर झाडं किंवा इमारत आहे. आधी मागची वस्तू मोजा, मग खांब. दहा वेळा मोजल्यावर आठ-नऊदा खांबाचाच आकडा यायला हवा. अचूकता पाहायची तर धावण्याच्या ट्रॅकची १०० मीटरची सरळ पट्टी उत्तम. तिथे १०९ किंवा ११० यार्ड दिसले पाहिजेत. मैदानावरही हीच सवय ठेवा. झाडं १८२, झेंडा १५१, तर आकडा खरा. झेंडाही १८२ दाखवत असेल, तर पुन्हा मोजा. पिन-सीकर उलटीकडेही फसतो : समोर फांदी आली किंवा पावसाची सर असली, की तो तिचंच अंतर सांगतो.

हात स्थिर ठेवून काठीवर नेम धरण्याचा हट्ट करू नका. १५० यार्डांवरची काठी ज्या कोनात मावते, त्याहून हाताची थरथर मोठी असते. कोपरं छातीला टेकवा, बटण दाबून ठेवा आणि झोत काठीवरून सावकाश आडवा फिरवा. यंत्र वाटेत तिला पकडतं. काही क्लब झेंड्याच्या काठीवर छोटा प्रिझ्म बसवतात. तो प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो. अपोलो ११ ने १९६९ मध्ये चंद्रावर ठेवलेले परावर्तक याच तत्त्वावर आहेत. तुमच्या क्लबमध्ये प्रिझ्म आहेत का, हे कॅडीला, म्हणजे खेळाडूचं सामान वाहणाऱ्या मदतनिसाला, विचारून मगच बजेट ठरवा.

दुर्बिणीच्या बाबतीत ६×२१ पुरेसं असतं : सहापट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग २१ मिलिमीटरचं. काळ्या अंकांचा एलसीडी पडदा संध्याकाळी गर्द झाडीवर वाचता येत नाही. लाल अंकांचा ओएलईडी तिथे उपयोगी, पण महाग. चष्मा असेल तर नेत्रभिंगापासून डोळ्याचं सोयीचं अंतर १६ मिलिमीटरच्या आसपास तरी असावं. आकडे धूसर दिसतात म्हणून यंत्र परत करण्याआधी नेत्रभिंगाची कडी फिरवून पाहा. बऱ्याचदा तेवढंच कारण असतं.

स्लोप म्हणजे चढ-उताराची सुविधा. अनेकांना ती काटकोन त्रिकोणाची दुरुस्ती वाटते. १५० यार्ड, ५ अंशांचा चढ. त्रिकोणाने आडवं अंतर १४९.४ यार्ड येतं, जवळजवळ तेवढंच. खरा परिणाम चेंडूच्या मार्गामुळे होतो. ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची हिरवळ, १३ यार्ड उंचावर आहे, खाली येणाऱ्या चेंडूला जमीन लवकर भेटते. तो ५० अंशांनी उतरत असेल तर सुमारे ११ यार्ड आधी. म्हणून शॉट १६० यार्डांचा खेळावा लागतो. ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वात लांब मारायच्या दांड्याचा, चेंडू याहून सपाट उतरतो, त्याला फरक जास्त पडतो. सगळ्या क्लबांना (चेंडू मारायच्या दांड्यांना) एकच सूत्र लावणारं यंत्र हे सांगू शकत नाही. काही यंत्रं तापमान आणि आर्द्रताही हिशेबात धरतात. त्यातल्या आर्द्रतेसाठी जादा पैसे मोजू नका. दमट हवा ‘जड’ असते हा समजच चुकीचा आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेहून हलकी असते, आणि चेंडूवर तिचा परिणाम नगण्य असतो.

स्पर्धा खेळणार असाल तर बाहेरून दिसणारी स्लोप बंद करायची कळ हवी. २०१९ पासून गोल्फच्या नियम ४.३ नुसार, समितीने स्थानिक नियमाने बंदी घातली नसेल तर अंतर मोजता येतं, पण चढ-उतार मोजता येत नाही. स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके (स्ट्रोक) मोजायच्या स्पर्धेत, पहिल्या चुकीला दोन स्ट्रोकचा दंड, दुसऱ्या चुकीला बाद.

आपल्या पावसाळ्यात यंत्राला पाण्याच्या थेंबांइतकाच धोका भिंगावरच्या बुरशीचा असतो. ओलं यंत्र कापडी पाऊचमध्ये बंद करून ठेवू नका. पुसून, वाळवून, सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवा. बॅटरी बहुधा ३ व्होल्टची सीआर-२ असते. त्याच आकाराची रिचार्ज होणारी लिथियम-आयन बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट देते. यंत्राच्या पुस्तिकेत परवानगी नसेल तर ती घालू नका, सर्किट जळू शकतं. आणि पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, जाण्याआधी पडद्यावर वाय (यार्ड) आहे की एम (मीटर), तेवढं बघा : १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड, म्हणजे वेगळा दांडा निवडावा लागेल इतका, जवळपास दीड क्लबचा फरक.