लसीच्या ट्रायलमध्ये रोगच टोचतात म्हणे!

गणपतीत घरी गेलो की रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर हमखास ऐकायला मिळतं, "अरे ट्रायलवाल्यांना आधी रोग टोचतात, मग बघतात जगतो का." नाही हो! कोवॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे २५,८०० लोक होते, निम्म्यांना लस, निम्म्यांना प्लासिबो म्हणजे लस नसलेलं इंजेक्शन, आणि कोणाला काय दिलं ते डॉक्टरलापण माहीत नसतं, मग सगळे आपापल्या घरी, मासे-भात खात, आणि आपसूक कोणाला कोविड होतो तेवढं मोजायचं. मुद्दाम लागण करायच्या चॅलेंज स्टडी असतात, पण त्या वेगळ्या, फार थोड्या लोकांवर. आणि सही केली म्हणजे अडकलात असंपण नाही, कधीही सोडता येतं. बाकी प्लेगची लस बनवणाऱ्या शास्त्रज्ञ हाफकिनसाहेबांनी १८९७ ला मुंबईत ती पहिली स्वतःलाच टोचून घेतलेली, तीपण मेलेल्या जंतूंची.