काबुकी नटांची ठसाचित्रे : खरेदीपूर्वी वाचावे असे काही

आमच्याकडील जपानी ठसाचित्रांपैकी शाराकु या चित्रकाराने १७९४ मध्ये काढलेल्या ओतानी ओनिजी (तिसरा) या काबुकी, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकातील, नटाच्या चित्राविषयी ग्राहक सर्वाधिक विचारणा करतात. एदो, म्हणजे आजच्या टोकियोतील कावाराझाकी-झा या नाट्यगृहात त्या वर्षी ओनिजीने एदोबेई नावाच्या दुष्ट नोकराची भूमिका केली होती. ओठ घट्ट मिटलेले, भुवया चढलेल्या आणि किमोनोतून पुढे आलेल्या दोन्ही पंजांची बोटे फाकलेली, असा तो दिसतो. पंजे चेहऱ्याच्या मानाने लहान आहेत, पण ती छपाईतील चूक नव्हे. मूळ चित्रच तसे आहे. मागची काळसर जमीन अभ्रकाच्या पुडीची असून तिची चमक कागद तिरपा धरल्यावरच दिसते, म्हणून हे चित्र खिडकीपाशी, हातात घेऊनच पाहावे, असा आमचा आग्रह असतो.

नट ओळखण्यासाठी कपड्यावरील कुलचिन्ह पाहावे. एकात एक बसवलेले तीन चौकोन दिसले, तर तो इचिकावा दानजूरो या काबुकी नटाच्या घराण्यातील समजावा. स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत, आणि बालगंधर्वांच्या आठवणी ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना त्याचे नवल वाटणार नाही. मात्र इतर चित्रकार अशा नटांना सुंदर करून दाखवीत असताना शाराकुने त्यांचे पुरुषी नाक आणि जबडा झाकला नाही. बहुधा म्हणूनच त्याची कारकीर्द जेमतेम दहा महिन्यांत आटोपली. आमच्या मते त्याची थोरवीही त्यातच आहे.

ही चित्रे एकट्याच्या हातची नसत. चित्रकार रेखाटन करी, कारागीर ते चेरीच्या लाकडावर कोरी, छापणारा रंगागणिक वेगळा ठसा वापरी आणि खर्च प्रकाशक उचली. शाराकुचा प्रकाशक त्सुताया जूझाबुरो होता. आम्ही विकतो त्या जुन्या प्रती नव्हेत. काही नव्याने कोरलेल्या ठशांवरून हाताने छापलेल्या आहेत, तर काही यंत्रावर छापलेल्या, आणि त्यांच्या किमतींत मोठा फरक आहे. हाताने छापलेल्या प्रतीत रंग कागदाच्या पाठीपर्यंत मुरलेला दिसतो; यंत्रावरच्या प्रतीत भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात. कोणती प्रत कशी छापली आहे, हे आम्ही पावतीवर लिहून देतो.

चित्र फ्रेम करताना ते गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवू नये, काच कागदाला टेकू देऊ नये आणि ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नये.